सात-बाराचा सुधारित नमुना व ई-पीक पाहणी : खातेदारांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

शेतातील उभे पीक राखण्यासाठी शेतकरी रात्रीचा दिवस करतो. परंतु त्या पिकाची व त्याखालील जमिनीची दप्तरी नोंद बरोबर आहे किंवा नाही, हे मात्र वर्षानुवर्षे पाहिले जात नाही. कर्ज काढावयाचे असते, गारपिटीची भरपाई मिळवावयाची असते किंवा भावाभावांत वाटणी व्हावयाची असते, तेव्हाच सात-बाराची आठवण होते. आणि अशा ऐनवेळी नोंद चुकीची निघाल्यास ती दुरुस्त करण्यास अवधी उरत नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील जमिनीच्या दप्तराचा कारभार संगणकावर आला असून त्यात वेळोवेळी सुधारणा करण्यात आल्या आहेत. या सुधारणा कोणत्या, त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा आणि त्यांमुळे खातेदारावर कोणती नवी जबाबदारी आली आहे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी शिनोली या गावाचे उदाहरण घेतले आहे. हे गाव पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तालुक्याचे ठाणे असलेल्या घोडेगावच्या पुढे आहे. येथून पश्चिमेस डिंभे धरण व त्यापलीकडे सह्याद्रीचा डोंगराळ मुलूख लागतो. तेथे भात, नाचणी, वरई ही पिके व हिरड्याची झाडे आढळतात. पूर्वेस मंचरच्या बाजूला बटाटा, कांदा, टोमॅटो, ऊस यांचा बागायती पट्टा आहे. अशा दोन मुलखांच्या मध्ये असलेल्या भागात लहान लहान तुकड्यांत अनेक प्रकारची पिके घेतली जातात व एकाच गटावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. साहजिकच येथे नोंदीत चूक होण्यास वाव अधिक असतो व नोंद तपासण्याची गरजही अधिक असते.

दप्तराचा पूर्वेतिहास

पुणे जिल्ह्याचा जमीनमोजणीच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. दख्खनमधील शास्त्रशुद्ध मोजणी व आकारणीची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी सन १८३५-३६ च्या सुमारास याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात बसविली. त्या वेळच्या दप्तराचा मुख्य हेतू सरकारचा शेतसारा ठरविणे हा होता. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, याची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यात सन १९०३ मध्ये झाला. पुढे सन १९४७ च्या कायद्यान्वये तुकडेबंदी व एकत्रीकरणाची योजना आली व अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर पडले. सन १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने रद्द झाली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती आले. सध्याचा कारभार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे चालतो.

गावच्या दप्तरात एकंदर २१ नमुने असतात. त्यांपैकी गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक व गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन्ही नमुने एकाच कागदावर दिले जात असल्याने त्या उताऱ्यास सात-बारा हे नाव पडले. गाव नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही होय. खरेदी, वाटणी, वारसा, बोजा अशा कारणांनी हक्कात झालेला प्रत्येक बदल प्रथम येथे लिहिला जातो. गाव नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखविलेल्या असतात. या चार नमुन्यांचा परस्परसंबंध ज्याला समजला, त्याला आपले दप्तर वाचण्यास दुसऱ्याची मदत सहसा लागत नाही.

हस्तलिखित सात-बारा तलाठ्याच्या दप्तरात असे. कागद जीर्ण होई, शाई पुसट होई, आणि खाडाखोड कोणी व केव्हा केली हे कळत नसे. संगणकीकरणाने हे दोष पुष्कळ अंशी दूर झाले. घरातील कागदांवर ओढवणाऱ्या आपत्तीची बाबही ध्यानात घेण्यासारखी आहे. दिनांक ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरड कोसळून गाडले गेले. अशा प्रसंगी जिथे माणसे वाचत नाहीत, तिथे घरातील कागदपत्रे कुठून वाचणार? दप्तराची प्रत गावाबाहेर, सुरक्षित संगणकात असणे किती अगत्याचे आहे, हे यावरून कळून येईल.

सन २०२० चा सुधारित नमुना

संगणकीकृत सात-बारा प्रथम जुन्या हस्तलिखित नमुन्याबरहुकूम छापला जात असे. त्यामुळे सामान्य वाचकास तो समजण्यास कठीण जाई. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने या नमुन्यात बदल केले. त्यांतील मुख्य बदल पुढीलप्रमाणे आहेत.

(१) गावाच्या नावासमोर त्या गावाचा सांकेतिक क्रमांक छापला जातो. एकाच नावाची गावे निरनिराळ्या तालुक्यांत असल्यास त्यामुळे घोटाळा होत नाही.

(२) लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र ही वेगवेगळी दाखवून त्यांची बेरीज दिली जाते. पूर्वी ही बेरीज वाचकास स्वतः करावी लागे.

(३) शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर या परिमाणांत, तर बिनशेती जमिनीचे क्षेत्र आर व चौरस मीटर यांत दिले जाते.

(४) खातेदाराचा खाते क्रमांक त्याच्या नावालगत छापला जातो आणि दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ असते. एकाचे क्षेत्र दुसऱ्याचे समजण्याची चूक त्यामुळे टळते.

(५) मयत खातेदाराचे नाव, फिटलेला बोजा अशा रद्द झालेल्या नोंदी पूर्वी कंसात दाखवीत. आता त्यांवर आडवी रेघ मारलेली दिसते. रेघ असलेली नोंद आज लागू नाही, हे अल्पशिक्षित वाचकासही समजते.

(६) मंजुरीसाठी पडून असलेले फेरफार ‘प्रलंबित फेरफार’ म्हणून स्वतंत्र दाखविले जातात. जमीन विकत घेणाऱ्यास ही सोय विशेष उपयुक्त आहे.

(७) त्या गटावरील शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक दिला जातो, तसेच सर्व जुन्या फेरफारांचे क्रमांक एका चौकटीत एकत्र दिले जातात.

(८) बिनशेती झालेल्या जमिनीस गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही, अशी सूचना उताऱ्यावरच छापली जाते.

क्षेत्राच्या परिमाणांबाबत थोडे अधिक स्पष्टीकरण आवश्यक आहे. १०० चौरस मीटर म्हणजे १ आर व १०० आर म्हणजे १ हेक्टर. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो, हे शेतकऱ्यास ठाऊकच असते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, अर्थात एक आरापेक्षा किंचित अधिक. यास्तव व्यवहारात एक आर म्हणजे एक गुंठा असे धरण्याचा प्रघात पडला आहे. उताऱ्यावर क्षेत्र ०.६२.५० असे असल्यास ते शून्य हेक्टर, ६२ आर, ५० चौरस मीटर, म्हणजे ६,२५० चौरस मीटर होय. याचे गुंठे सुमारे ६१.८ म्हणजे १ एकर व पावणेबावीस गुंठे होतात. लहान क्षेत्रात हा फरक क्षुल्लक वाटला, तरी खरेदी-विक्रीच्या वेळी चौरस मीटरचा आकडा पाहूनच हिशेब करणे हितावह ठरते.

संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळणारा सात-बारा केवळ माहितीसाठी असतो. कार्यालयीन कामासाठी डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा घ्यावा. त्यासाठी १५ रुपये शुल्क ठरविण्यात आले आहे. अशा उताऱ्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर घालून पाहिल्यास उतारा खरा की बनावट, हे कोणासही तपासता येते.

फेरफार व ‘आपली चावडी’

जमिनीत कोणताही हक्क प्राप्त झाल्यास तीन महिन्यांच्या आत तशी वर्दी द्यावयाची असते. वर्दी आल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांस नोटीस दिली जाते व हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. मुदतीत हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होते. पूर्वी ही नोटीस गावच्या चावडीवर लावीत. पुण्या-मुंबईस नोकरीसाठी गेलेल्या भावास ती दिसत नसे, आणि पुढे अनेक वर्षांनी गावी आल्यावर आपले नाव कमी झाल्याचे त्यास कळे. आता हीच नोटीस ‘आपली चावडी’ या नावाने संकेतस्थळावरही पाहता येते. जिल्हा, तालुका व गाव निवडताच त्या गावचे चालू फेरफार दिसतात. शिनोलीचा रहिवासी जगाच्या पाठीवर कोठेही असला, तरी आपल्या गावच्या चावडीवर काय लागले आहे ते तो पाहू शकतो.

वारस नोंद, बोजा चढविणे वा उतरविणे, मयताचे नाव कमी करणे इत्यादी कामांसाठी ‘ई-हक्क’ या व्यवस्थेतून घरबसल्या अर्ज करता येतो. तरीही अशा नोंदी वर्षानुवर्षे राहून जातात. आजोबा वारले, वडील वारले, तरी सात-बारावर आजोबांचेच नाव, अशी स्थिती असंख्य गावांत आढळते. म्हणूनच शासनाने १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सात-बारा’ ही मोहीम राज्यभर हाती घेतली व मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्याचे काम सुरू केले. वारसांत विधवा पत्नी व मुली यांचाही समावेश होतो. त्यांची नावे वगळून केलेली नोंद पुढे तंट्यास कारण होते, म्हणून प्रथमपासूनच ती पूर्ण व खरी असावी.

सहकारी सोसायटीचे कर्ज फेडल्यावर बोजा आपोआप उतरेल, असा कित्येकांचा समज असतो. तो बरोबर नाही. कर्जफेडीचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा व पुढील उताऱ्यात त्या नोंदीवर आडवी रेघ पडली आहे, याची खात्री करून घ्यावी.

हस्तलिखितावरून संगणकावर उतरवून घेताना झालेली लेखनाची चूक, जसे नावातील अक्षर किंवा क्षेत्रातील आकडा, अधिनियमाच्या कलम १५५ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त करून घेता येते. अर्जासोबत जुना हस्तलिखित उतारा व संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी. सात-बारावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, हे कायद्याचे तत्त्व आहे. म्हणूनच चुकीची नोंद तशीच राहू देणे धोक्याचे असते.

ई-पीक पाहणी

गाव नमुना ७ वर्षानुवर्षे तोच राहू शकतो. नमुना १२ मात्र प्रत्येक हंगामात नव्याने भरावा लागतो. एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्याने प्रत्येक बांधावर जाऊन पीक पाहणे त्यास अवघड जाई. परिणामी मागील वर्षीचेच पीक पुढे लिहिले जाण्याचे प्रकार घडत. शेतात कांदा व कागदावर बाजरी, अशी विसंगती त्यातूनच निर्माण होई.

यावर उपाय म्हणून दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह करावी, अशी ही योजना आहे. पीक पाहणीचा अधिकार प्रथमच खुद्द पीक काढणाऱ्याच्या हाती आला, हे तिचे वैशिष्ट्य होय.

पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून १ ऑगस्ट २०२२ रोजी या ॲपची सुधारित आवृत्ती आली. तीत पुढील गोष्टी नव्याने घालण्यात आल्या.

पहिली, गटाचा मध्यबिंदू. प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश व रेखांश ॲपमध्ये भरण्यात आले. छायाचित्र घेताना शेतकरी त्या बिंदूपासून किती दूर आहे, हे मोबाईल दाखवितो व तो गटात नसल्यास तसा संदेश देतो. घोडेगावच्या बाजारात उभे राहून शिनोलीच्या शेतातील पीक नोंदविण्याचा प्रकार यामुळे उघड होतो.

दुसरी, दुरुस्तीची सोय. केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्त करता येते. पहिल्या आवृत्तीत चूक झाल्यास शेतकऱ्यास तलाठ्याकडे धाव घ्यावी लागे.

तिसरी, स्वयंघोषणा. शेतकऱ्याने दिलेली माहिती खरी मानून ती नमुना १२ वर घेतली जाते. तलाठ्याने सर्व नोंदी न तपासता किमान १० टक्के नोंदी तपासाव्यात, असे ठरविण्यात आले.

चौथी, मिश्र पिके. मुख्य पिकासोबत पूर्वी दोन दुय्यम पिके नोंदविता येत. सुधारित आवृत्तीत तीन नोंदविण्याची सोय झाली. कोरडवाहू भागात एकाच तुकड्यात अनेक पिके घेण्याची जुनी चाल असल्याने ही सुधारणा उपयुक्त ठरली.

पाचवी, किमान आधारभूत किमतीने माल विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास तशी संमती पीक नोंदवितानाच देता येऊ लागली.

सहावी, गावातील सर्व खातेदारांची पीक पाहणी कोणासही पाहता येऊ लागली. शेजाऱ्याने आपल्या गटातील पीक चुकून स्वतःच्या नावे नोंदविल्यास ते यातून लक्षात येते.

त्यानंतर केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी हे काम जोडण्यात आले. सन २०२४ च्या रब्बी हंगामापासून छायाचित्र गटापासून ५० मीटरच्या आत राहून घेण्याचे बंधन घालण्यात आले. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी करण्यासाठी गावोगावी सहाय्यक नेमण्याची व्यवस्थाही त्या हंगामापासून झाली. सहाय्यक येणार म्हणून स्वतःची नोंद लांबणीवर टाकणे मात्र योग्य नव्हे. कोणत्या तुकड्यात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे व पेरणी कोणत्या तारखेस झाली, हे मालकाइतके दुसऱ्यास ठाऊक नसते.

नोंद करण्याची रीत

समजा, शिनोलीतील एका खातेदाराचा १.१२.०० हेक्टरचा गट आहे. त्यांपैकी ०.१८.०० पोटखराबा व ०.९४.०० लागवडीयोग्य आहे. खरिपात त्याने ४० आरांत भुईमूग, ३० आरांत बाजरी व तुरीचे मिश्र पीक आणि २४ आरांत टोमॅटो लावला आहे. बांधावर आंब्याची चार झाडे आहेत. त्याने पुढील क्रमाने नोंद करावी.

प्रथम ताज्या सात-बारावरून खाते क्रमांक, गट क्रमांक व क्षेत्र कागदावर लिहून घ्यावे. प्रत्येक पिकाचे क्षेत्र मांडून बेरीज करावी. येथे ४०, ३० व २४ मिळून ९४ आर होतात व ते लागवडीयोग्य क्षेत्राशी जुळतात. बेरीज जास्त झाल्यास कोठेतरी चूक आहे. कमी झाल्यास उरलेले क्षेत्र पडीक म्हणून दाखवावे. ही आकडेमोड घरी केल्यास शेतात उभे राहून घाई होत नाही.

नंतर शेतात जावे. मोबाईलवरील स्थानदर्शक सुरू करावा व मोकळ्या आकाशाखाली क्षणभर थांबावे. मोबाईल आपले स्थान उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून ठरवितो. दाट झाडीखाली किंवा भिंतीलगत उभे राहिल्यास त्यात चूक येऊ शकते. मग ॲपमध्ये विभाग, जिल्हा, तालुका व गाव निवडून आपले नाव वा गट क्रमांक शोधावा. हंगाम निवडावा. भुईमूग व टोमॅटो यांसाठी ‘निर्भेळ पीक’ व बाजरी-तुरीसाठी ‘मिश्र पीक’ हा वर्ग घ्यावा. क्षेत्र, सिंचनाचे साधन व पेरणी किंवा लागवडीचा दिनांक भरावा. त्या त्या पिकाच्या तुकड्यात उभे राहूनच छायाचित्र घ्यावे. एकाच जागेवरून सर्व पिकांची छायाचित्रे घेऊ नयेत.

बांधावरील झाडांसाठी ॲपमध्ये स्वतंत्र सोय आहे. आंबा, जांभूळ, साग व पश्चिम भागातील हिरडा ही झाडे तेथे संख्येसह नोंदवावीत. पीक पाहणीत हा भाग सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो.

डोंगराळ भागात नेटवर्क नसल्यास खोळंबून राहण्याचे कारण नाही. माहिती व छायाचित्र शेतात साठवून ठेवावे व नेटवर्क मिळेल अशा ठिकाणी येऊन ते पाठवावे. ‘नोंद पाठविली गेली’ असा संदेश आल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. त्यानंतर दुसऱ्या दिवशी नोंद पुन्हा उघडून पाहावी, म्हणजे चूक असल्यास ४८ तासांची सवलत वाया जात नाही.

ज्यांच्याजवळ योग्य मोबाईल नाही, त्यांनी नात्यातील किंवा शेजारच्या तरुणाची मदत घ्यावी. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. मात्र पीक दाखविण्यासाठी खातेदाराने स्वतः शेतात हजर राहावे व मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक अपरिचित माणसास सांगू नये.

नोंद नसल्यास होणारे नुकसान

नोंद राहिल्याने शेतकऱ्याचे प्रत्यक्ष काय नुकसान होते, हे अलीकडील काही उदाहरणांवरून समजून येईल.

सन २०२३ च्या आरंभी कांद्याचे भाव कोसळले. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समित्यांत विकलेल्या लाल कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान देण्याचे शासनाने ठरविले. म्हणजे एका शेतकऱ्यास अधिकात अधिक ७०,००० रुपये मिळावयाचे होते. परंतु त्यासाठी सात-बारावर कांद्याची नोंद मागण्यात आली. शेतात कांदा पिकला होता, बाजार समितीची विक्रीपट्टी हातात होती, पण उताऱ्यावर कांदा नव्हता, अशा शेतकऱ्यांची मोठी अडचण झाली. पुढे गावपातळीवर समितीमार्फत खात्री करून मार्ग काढण्यात आला; तरी हेलपाटे व विलंब टळला नाही. हंगामात पाच-दहा मिनिटे खर्च करून केलेली नोंद हे सर्व वाचविती.

सन २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांस हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, साहाय्य देताना ई-पीक पाहणीची नोंद हाच प्रथम आधार मानण्यात आला. ज्यांची नोंद होती, त्यांस आपले पीक सिद्ध करण्यासाठी वेगळे कागद जमवावे लागले नाहीत.

तिसरे उदाहरण आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम भागातील आहे. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची हानी केली. उन्हाळ्यात गोळा करून वाळविलेला बाळहिरडा हे येथील आदिवासी कुटुंबांचे रोकड उत्पन्न होय; पावसाळ्यातील बी-बियाणे व घरखर्च त्यावरच भागतो. भात किंवा बटाटा यांप्रमाणे हिरडा हे पेरून घेतलेले पीक नसल्याने नेहमीच्या भरपाईच्या चौकटीत तो सहज बसत नव्हता आणि हा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला. केवळ नोंद केल्याने भरपाईचे सर्व प्रश्न सुटतात, असे म्हणता येणार नाही. त्यास शासनाचे निर्णय लागतात. परंतु कोणाच्या बांधावर किती झाडे होती, हा पहिला प्रश्न तरी नोंदीने निर्विवाद सुटतो. पडलेले झाड कालांतराने सरणास जाते; त्याची नोंद मात्र दप्तरात राहते.

पीक कर्ज, पीक विमा व पंचनामा या तिन्ही कामांतही हीच नोंद उपयोगी पडते. विमा एका पिकाचा व सात-बारावर दुसरेच पीक, अशी स्थिती असल्यास दावा अडचणीत येतो.

घ्यावयाची काळजी

कोणतेही नवे साधन दोषरहित नसते. मध्यबिंदूच्या योजनेचेच पाहावे. गट लांबट किंवा वाकडा असल्यास त्याचा मध्य शेतकऱ्याच्या वास्तविक तुकड्यापासून बराच दूर पडतो. अशा वेळी स्वतःच्या शेतात उभे असूनही अंतर अधिक दिसते. डोंगरउतारावरील गटांचे नकाशे व प्रत्यक्ष वहिवाट यांतही कोठे कोठे फरक आढळतो. अशी अडचण आल्यास चुकीच्या ठिकाणी जाऊन छायाचित्र घेऊ नये. अडचण तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, निदर्शनास आणावी व तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

सहहिस्सेदारांच्या गटात प्रत्येकाने आपापल्या वहिवाटीपुरतेच क्षेत्र नोंदवावे. एकाने सर्व गट स्वतःच्या नावे नोंदविल्यास दुसऱ्यास जागा उरत नाही व घरातील सलोखा बिघडतो. नोंद करण्यापूर्वी भावांनी एकत्र बसून क्षेत्र ठरवून घेणे इष्ट होय. तसेच अनुदानाच्या आशेने नसलेले पीक नोंदवू नये. छायाचित्र, स्थान व दिनांक ही तिन्ही दप्तरात कायम राहतात, आणि खोटी नोंद उघडकीस आल्यास त्याचा त्रास खऱ्या पिकाच्या वेळीही होतो.

पूर्वी दप्तर तलाठ्याच्या लेखणीवर अवलंबून होते. चूक झाल्यास दोष त्याच्याकडे जाई. आता नमुना १२ ची लेखणी शेतकऱ्याच्या हाती आली आहे आणि दोषही त्याच्याकडेच येणार आहे. सुधारणांचा हा खरा अर्थ आहे. यंत्र नोंद साठवील, तिची प्रत क्षणात देईल, तिच्यातील बदल लपू देणार नाही. परंतु मुळात नोंद खरी व वेळेवर असावी, हे काम यंत्राचे नव्हे.

वर्षभरात करावयाची कामे

(१) उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी, ७, १२ व ८-अ यांचे ताजे उतारे घेऊन नाव, क्षेत्र, बोजा व प्रलंबित फेरफार तपासावेत.

(२) घरात मृत्यू झाल्यास वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी.

(३) खरिपाची पीक पाहणी सामान्यतः ऑगस्टच्या आरंभी व रब्बीची डिसेंबरात सुरू होते. मुदतीचे दिनांक दरवर्षी जाहीर होतात. ते पाहून पहिल्या पंधरवड्यातच नोंद उरकावी. उन्हाळी पिकांचीही नोंद विसरू नये.

(४) बांधावरील फळझाडे व हिरड्यासारखी उत्पन्नाची झाडे वर्षातून एकदा तपासून नोंदवावीत.

(५) महिन्यातून एकदा ‘आपली चावडी’ पाहावी व आपल्या गटाचा फेरफार दिसल्यास १५ दिवसांच्या मुदतीचे भान ठेवावे.

(६) कर्ज फिटताच बोजा उतरविण्याचा अर्ज द्यावा.

(७) जुने हस्तलिखित उतारे व फेरफाराच्या नकला टाकून देऊ नयेत. संगणकीय नोंदीतील चूक सिद्ध करण्यास त्यांचाच आधार लागतो. त्यांची छायाचित्रे घेऊन मोबाईलमध्ये गट क्रमांकानुसार ठेवावीत व एक प्रत घरातील दुसऱ्या माणसाच्या मोबाईलमध्येही ठेवावी.

पेरणी, कोळपणी व काढणी यांचे दिवस जसे शेतकऱ्याच्या मनात ठरलेले असतात, तसाच नोंदीचाही दिवस ठरलेला असावा. शिनोलीसारख्या गावात शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी घरच्या सात-बाराचे वाचन वडीलधाऱ्यांसमवेत हंगामातून एकदा केले, तरी पुष्कळ चुका वेळीच ध्यानात येतील, आणि संकटाच्या वर्षी हक्काची मदत मिळण्यास कागद आड येणार नाही.